आबांच्या ढोलकीची रेकॉर्ड कोणी पुसली?

मयत : बबन, राहणार शिनोली, धंदा रेडिओदुरुस्ती. लिहिणार : मी, घोडेगावात कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा, मयताचा जुना स्नेही. साक्षीदार : मयताची पत्नी सुमनवहिनी. ज्यांस उद्देशून : मयताचे थोरले बंधू कोंडिबाभाऊ, राहणार पेठ. घटनेस दहा वर्षे झाली, मयतास जाऊन सहा आठवडे.

बबन गेल्याची बातमी आली तेव्हा एका वारसनोंदीचा अर्ज माझ्या टाईपरायटरवर अर्धा झालेला होता. तो मी पूर्ण केला आणि मगच उठलो. बबनवर माझा राग होताच. तो असा न कळवता गेल्याने वाढला.

रागावण्यासारखे त्याच्यात पुष्कळ होते. लाखेच्या जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डी धुण्याची त्याची पद्धत पाहून कोणाही कामाच्या माणसाचे डोके उठले असते. आधी कोरडा मऊ ब्रश, रेघांच्या दिशेने गोल. मग मधला कागद भिजू नये म्हणून त्यावर बरणीचे झाकण दाबून धरायचे. गार पाण्यात साबणाचा एकच थेंब. दोन पडले तर ते पाणी ओतून द्यायचे! मग साध्या पाण्याचा हात, मलमलीने टिपणे आणि सावलीत उभी करून ठेवणे. एका रेकॉर्डला अर्धा तास, आणि तोवर माझा चहा अडकलेला.

"बबन, मी भीमाशंकरला जाऊन येईन तोवर तुझी एक बाजू होईल."

"या की जाऊन. माझ्या नावानं बी बेल वाहा," तो मान वर न करता म्हणे.

त्यांत एक रेकॉर्ड त्याच्या वडिलांची, म्हणजे आबांची होती. गाणारी बाई दुसरी, मागे ढोलकी आबांची. कागदावर त्यांचे नावही नव्हते. परंतु आबांचा एकही फोटो नसल्याने दोघा भावांकडे बाप म्हणून एवढेच उरले होते. कोंडिबाभाऊ दरसाल जत्रेला पेठहून येत, ती ढोलकी ऐकत आणि मगच जेवायला बसत.

एका रविवारी बबन गिऱ्हाइकाचा रेडिओ पोचवायला गेला. ती रेकॉर्ड धुण्यासाठी काढलेली होती, आणि माझ्या पिशवीत टाईपरायटरची अक्षरे साफ करायची स्पिरिटची बाटली होती. जे स्पिरिट वर्षानुवर्षांची शाई काढते ते धूळ काढणार नाही काय, असा विचार मी केला. चिंधीवर काळे येऊ लागले. मळ निघतो आहे असे समजून मी अधिकच जोर लावला, दोन्ही बाजूंना... तो मळ नव्हता.

बबनने आल्या आल्या चिंधीचा वास घेतला. "स्पिरिट का?"

"हो. बघ, किती मळ निघाला."

"लाख हाय ती, राव. स्पिरिटात इरघळती."

त्याने सुई ठेवली. नुसती खरखर. उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली... पुन्हा खरखर. मग आत वळून म्हणाला, "चहा ठिवला का गं?" त्यानंतर या विषयावर तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही. जत्रेच्या दिवशी मात्र मी शिनोलीस जाणे बंद केले.

दहाव्याला कोंडिबाभाऊ नदीकाठी परक्यासारखे लांब बसले होते. मी वहिनींना कारण विचारले.

"आबांची ढोलकी ह्यांनी घालवली म्हणून बोलणं टाकलं व्हतं त्यांनी. ह्यांनीच सांगितलं, माज्या हातनं झालं. मी म्हनलं, खरं सांगा की. तर म्हनले, त्याचं पोट लोकांच्या इस्वासावर हाय. भाऊ काय, माजाच हाय, दोन महिन्यांत इसरल."

भाऊ विसरले नाहीत. दहा वर्षे... अरे शहाण्या, लोकांची प्रतिज्ञापत्रे लिहिणाऱ्यासाठी तू खोटी जबानी दिलीस आणि ती त्यालाच वाचून दाखवली नाहीस? कोणत्या कचेरीत असे चालते? त्याच वेळी सांगितले असतेस, तर मी चालत पेठला गेलो असतो. गेलो असतो, असे निदान आज वाटते.

सबब कोंडिबाभाऊंस कळवतो की, ती रेकॉर्ड मी पुसली, बबनने नाही. दहाव्याला हे तोंडी सांगण्यास मी आपल्यापर्यंत आलो होतो. आपण "रामराम" म्हणालात आणि मीही तेवढेच म्हणून मागे फिरलो. म्हणून हे लिहिले, चारचौघांनी वाचावे असे लिहिले. येत्या वर्षश्राद्धाला आपण भावाच्या घरी जेवायला बसावे. त्या दिवशी मी आत यावे की दाराबाहेर राहावे, एवढे उत्तर कृपया कळवावे.