अष्टमीची ओहोटी

पौष वद्य अष्टमी, रविवार. माणगावहून हरिहरेश्वरला जाऊन यायचं गाडीभाडं चार हजार दोनशे ठरलं होतं. गाडीत आई, दादा आणि मी.

आईचा एक नवस फेडायचा राहिला होता. दादा लहानपणी विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळला होता, तेव्हा "पोर उठलं तर माझ्या पायांनी प्रदक्षिणा घालीन" असं ती बोलली होती. आमच्या गावाहून, तळ्याहून, हरिहरेश्वर काही फार लांब नाही. पण वडील दर वर्षी "पुढल्या साली जाऊ" म्हणत राहिले. लावणी, कापणी, आमच्या शाळा, मग माझं लग्न. आता वडील नाहीत, दादाचे पनवेलला तीन ट्रक आहेत, आणि आईला पायरी उतरताना भिंत धरावी लागते.

तिथली प्रदक्षिणा नुसत्या देवळाभोवतीची नव्हे, सगळ्या डोंगराभोवतीची. देवळामागून पायऱ्या चढून माथ्यावर जायचं, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून थेट समुद्रापर्यंत उतरायचं आणि कड्याच्या पायथ्याच्या काळ्या कातळावरून वळसा घालून परत यायचं. हा शेवटचा भाग फक्त ओहोटीलाच चालता येतो.

ओहोटीचा हिशोब, म्हणजे पाऊणकी, वडिलांनी आम्हां दोघांकडून पाठ करून घेतला होता. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला. सकाळी न्याहारी करून निघावं, संध्याकाळी घरी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला गेलं असतं तर ओहोटी सकाळी लवकर, म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आला. खोलीचे पैसे वाचतील आणि आईला परक्या ठिकाणी झोप लागत नाही, अशी दोन कारणं मी दादाला सांगितली. त्याला दोन्ही पटली.

आई चढली. मध्ये तीनदा बसली. दादा म्हणाला, "उचलून नेऊ का?"

"नवस पायांचा हाय. तुझ्या खांद्याचा न्हाय."

घळ उतरताना ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, उलटी उतरली. साडेअकराला आम्ही खाली पोचलो. वाटेच्या कातळावर पाणी होतं. लाट आत शिरायची, कड्यावर आपटायची आणि मागे फिरायच्या आत दुसरी यायची. समोर नुसता समुद्र, पलीकडे काहीच नाही.

"अजून अर्धा तास आहे," मी म्हटलं.

बारा वाजले. पाणी होतं तिथेच होतं. वर एक रखवालदार शिट्टी घेऊन बसला होता, तो चार पायऱ्या उतरून आला.

"काकी, आज न्हाय जमायचं. आज भांग हाय. भरती पण थोडी, ओहोटी पण थोडी. पानी यापेक्षा खाली जात न्हाय."

दादा म्हणाला, "पण पाऊणकी तर बरोबर आहे."

"बरोबर हाय ना. वेळ बरोबर हाय."

पाणी केव्हा उतरतं ते आम्ही काढलं होतं. किती उतरतं, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. उधाण नि भांग हे शब्द आम्हाला ठाऊक होते, पण भातशेतीच्या घरात त्यांची कधी गरज पडली नव्हती.

आई शेवटच्या पायरीवर बसली. एक लाट तिच्या पावलांपर्यंत आली. "बाप म्हणायचा पुढल्या साली," ती दादाला म्हणाली, "तू आता पुढल्या पंधरवड्याला म्हन."

दादा तेच म्हणणार होता.

आल्या वाटेनेच परतलो. घळ चढायला आईला तासाहून जास्त लागला. देवळात पुजारी म्हणाले, "आजी, इथूनच हात जोडा, देवाला पोचलं." ती म्हणाली, "देवाला पोचलं असंल. मी कुठं पोचले?"

रात्री तिचे दोन्ही गुडघे सुजले. आठवड्याने डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे जिने बंद. एवढी चढउतार करायचं बळ तिच्यात एकदाच होतं. ते आम्ही भांगाच्या दिवशी वापरलं.

पौर्णिमेनंतरच्या उधाणाला पाणी खूप खाली जातं, म्हणून माघ वद्य द्वितीयेसाठी हरिहरेश्वरला एका घरात आम्ही तिघांची खोली, जेवणासकट, डॉक्टरांकडे जायच्या आधीच सांगून ठेवली होती. मी ती रद्द करायला निघाले, तर आई म्हणाली, "कशाला? तुम्ही दोघं जा. याच्यासाठीच बोलले होते ना, याला तरी घालू दे."

गेलो. सकाळी साडेसातला कातळ दूरपर्यंत उघडा पडला होता. खळग्यांत थोडं थोडं पाणी होतं, तेवढंच. कुठे अवघड असं काही नव्हतंच. तिला दोन्हीकडून धरून सावकाश नेता आलं असतं, हे पावलोपावली दिसत होतं. दादा माझ्यापुढे चालत होता, एकदाही मागे वळला नाही.

देवळापाशी येऊन त्याने फोन लावला. "आई, झाली गं प्रदक्षिणा."

"तुझी झाली," ती म्हणाली. आणि मग, "घसरला न्हाईस ना?"

निघताना खोलीचे बाराशे आणि जेवणाचे चारशे, असे सोळाशे रुपये मी घरवाल्या बाईंच्या हातात दिले. त्यांनी तिघांचा स्वयंपाक केला होता. तिसऱ्या ताटाचे दोनशे मी पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत.