रबरी कड्यांना तेल

जळगावच्या रुपचंदशेठच्या गोदामात तोतारामआबा होता तोवर एकही सिमेंटचा नळ तडकला नाही. आबा असोद्याचा. अर्धं आयुष्य केळीच्या बागांत मोट हाकण्यात गेलं. विहिरींवर इंजिनं आली तेव्हा तो शेठकडे नळ सांभाळायला लागला. खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या, दोन थरांमध्ये केळीची वाळकी पानं, आणि हमालाने नळ आपटला की अशा शिव्या, की शेठ पेढीवरून उठून बाहेर जात. मी त्याच पेढीवर पत्रव्यवहार पाहायचो. आबावर माझा जीव होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला ते खरं वाटणार नाही.

१९५५च्या चैत्रात नरडाण्यापलीकडच्या एका गावाच्या नळयोजनेचा माल आमच्याकडे आला. आबाची लेक कुंदाबाई त्याच गावात दिलेली. तिथली विहीर होळीलाच आटायची. मग बायका दीड मैलावरच्या नाल्यात झिरे उकरून पाणी आणत. आदल्या उन्हाळ्यात त्या वाटेवर, डोक्यावर हंडा असतानाच, कुंदाचा पाच महिन्यांचा गर्भ गेला होता. त्यामुळे हा माल आबाला शेठचा वाटतच नव्हता.

योजनेचे कागद कुठल्याशा कचेरीत अडकले आणि माल जवळजवळ वर्षभर आमच्याकडेच पडून राहिला. नळांच्या जोडात बसवायच्या रबरी कड्या पेटीत होत्या. जळगावचा उन्हाळा, वर तापलेले पत्रे. कड्या कोरड्या दिसायला लागल्या. आबाने घरून शेंगदाण्याचं तेल आणलं आणि दर अमावस्येला एकेक कडी मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली.

"मोटीच्या सोंडेले तेल नही लावलं तं एका उन्हाळ्यात फाटते," तो मला म्हणाला. "चामडं काय अन् हे काय. जीव लावला तं टिकतं."

"लावा की आबा," मी म्हणालो.

कागद सुटले तेव्हा माघ उजाडला होता. कुंदाला पुन्हा दिवस गेले होते. आबा मालाबरोबर रेल्वेने नरडाण्याला गेला आणि तिथून बैलगाड्यांच्या शेजारून चार कोस पायी चालला. एक नळ तडकला नाही. "पोरगी बाळंत व्हयाच्या आधी दारात पाणी येते," असं परत आल्यावर तो ज्याला त्याला सांगत सुटला. शेवटी शेठनेच त्याला चहा पाजून गप्प बसवलं.

चैत्रात टाकीतून पाणी सोडलं तेव्हा मीही गेलो होतो. कुंदा सातव्या महिन्याचं पोट सावरत पूजेचं ताट घेऊन उभी होती. तोटीतून नुसती हवा आली. पाणी निघालं ते चरातून, दर दोन-तीन जोडांमागे एक कारंजं. नळ जोडणाऱ्या जीवराम मिस्त्रीने एक जोड उकलला. कडी फुगून लिबलिबीत झाली होती. बोटाने दाबली तसा तुकडाच हातात आला.

"बठ्ठं रबर सडी गयं," जीवराम म्हणाला.

"तेल कुणी लावलं याला?" योजनेचा ओव्हरसियर ओरडला.

"मी," आबा म्हणाला. मोटेचं कारण सांगितलं नाही, उन्हाळ्याचं नाही. कुंदाने ताट ओट्यावर ठेवलं आणि हंडा उचलला.

जळगावला परतल्यावर मी फाईल काढली. कड्यांबरोबर कंपनीचा एक कागद आला होता, इंग्रजीत. कड्यांना तेल लागू देऊ नये, असं तिसऱ्याच ओळीत होतं. पेढीवर इंग्रजी वाचता येणारा मी एकटा, आणि मी तो न वाचताच फाईलला लावून टाकला होता. कंपनीने दोन ओळी मराठीत छापल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असा संताप आला. पण तो संताप कुणाला दाखवणार? कागद मी घरी नेऊन बंबात जाळला. आबाला सांगितलं नाही, आजतागायत कुणालाच सांगितलं नाही.

वैशाखात झिऱ्याच्या वाटेवरच कुंदा अडली. मूल मेलेलं जन्मलं.

नव्या कड्या यायला पुढचा हिवाळा उजाडला. आबाने पेटीला हात लावला नाही. मला म्हणाला, "तू लिवता-वाचता माणूस हायेस, तूच ने." मी पेटी घेतली, तो रिकाम्या हाताने मागून चालला. जोड बसून पाणी सोडायच्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा चालत गेलो. या खेपेला तोटीला पाणी आलं. बायका हसत-ओरडत एकमेकींना भिजवत होत्या. कुंदाने घरातून तांब्या आणला, भरला आणि बापापुढे धरला.

"प्या आबा. तुमच्याच नळाचं हाये."

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. आबाने तांब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मले अजून चालत नही व माय," तो म्हणाला.

कुंदाने तांब्या मागे घेतला आणि माझ्यापुढे धरला. चार कोस चालून माझा घसा सुकला होता. मी सगळा प्यालो.