गाठोडं जेवत नाही

एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे आणि दुसरा ओट्यावरच्या वाडग्याकडे ठेवून बाई उभ्या होत्या. वाडग्यात कोमट पाणी, पाण्यात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत एक गोठवलेला उंदीर हळूहळू नरम होत होता. शेजारचं मांजर वेळेवर मागच्या दाराशी येऊन बसलं होतं. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

बाईंची हयात कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेली. तिथे त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही. सगळ्यांच्या त्या ‘वाढू-का बाई’. समोरचा दोन्ही हात ताटावर आडवे धरून बसला, तरी ह्यांचा डाव बोटांच्या फटीतून आत शिरायचाच. त्यांच्यासमोरून कुणी अर्धपोटी उठलं नाही. उठली ती दोघंच, आणि दोघंही घरातलीच. आधी सून आणि आता सुनेचा साप.

सून आली ती चिमणीसारखं खाणारी. बाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायच्या आणि तिच्या घासांवर नजर ठेवायच्या. “एवढ्यानं मुंगीचं तरी भागेल का गं?” किंवा “आमच्या हाताला चव नाही वाटतं!” सून कसनुसं हसायची, पाणी प्यायची, उठायची. पुढेपुढे तर “ऑफिसात खाऊन आले” म्हणायला लागली. मग मुला-सुनेनं वेगळं घर केलं, तेव्हा बाईंनी गल्लीभर सांगितलं, “खाण्याचे नखरे, दुसरं काय!”

त्याच सुनेनं ह्या उन्हाळ्यात काचेची पेटी आणून इथे ठेवली. तिला कामाच्या प्रशिक्षणासाठी परगावी जायचं होतं, आणि मुलाची नोकरी फिरतीची. “आई, तुमच्याशिवाय कुणावर टाकू?” इतक्या वर्षांत तिनं बाईंकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. बाईंना सापाची भीतीही होती आणि किळसही, पण ह्या एका वाक्यानं त्या विरघळल्या.

पेटीत आफ्रिकेकडचा लहानखुरा अजगर होता. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करायचा, म्हणून सुनेनं त्याचं नाव गाठोडं ठेवलं होतं. तिनं पेटी कोपऱ्यात ठेवली, आत लपायला एक उपडी कुंडी ठेवली आणि सांगितलं, “चिमट्यानं उंदीर पुढे करायचा आणि बाजूला व्हायचं.”

बाजूला होणं तेवढं बाईंना जन्मात जमलं नव्हतं.

गाठोड्यानं पहिल्यांदा तोंड फिरवलं तसं बाईंनी आपलं शास्त्र बाहेर काढलं. एकट्यानं अंधारात कुणाला जेवण जातं का? त्यांनी कुंडी काढून टाकली. पेटी उचलून थेट जेवणाच्या टेबलावर आणली, म्हणजे सोबत होईल. उंदीर जास्त गरम करून पाहिला, जवळ नेऊन पाहिला. “खा रे बाळा, एकच घास!” गाठोडं जास्तच घट्ट आवळून बसायचं. उंदीर शेवटी मांजराच्या पोटात जायचा. आणि सुनेचा फोन आला की बाईंच्या तोंडून निघायचं, “अगं, चाटूनपुसून!”

फोन ठेवला की कानशिलं तापायची. हा मुका जीव आपल्या घरात उपासानं गेला, तर तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? आख्खा कारखाना जेवू घातलेल्या बाईला एक गाठोडं जेववता येईना, हे कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

त्यांनी दार उघडलं. दारात सूनच होती.

“अगं, कळवायचं तरी!” बाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

“कळवलं असतं तर तुम्ही लग्नघरासारखा स्वयंपाक मांडला असतात. सरका ना, गाठोड्याला बघू दे.”

आत आल्यावर तिला टेबलावरची पेटी दिसली. पेटीत कुंडी नव्हती. मागून मांजर आलं आणि हक्कानं ओट्यावर चढून वाडग्याशी बसलं. सुनेनं वाडग्याकडे पाहिलं, मग मांजराकडे.

“आई, हे शेजारचं ते मरतुकडं ना? काय बाळसं धरलंय ह्यानं!”

दूध फसफसून उतू गेलं. गॅस सुनेनंच बंद केला.

“ते काहीच खात नाही गं,” बाई ओट्याकडे बघत म्हणाल्या. “एकदाही नाही. मी खोटं बोलत होते.”

सुनेनं गाठोड्याला अलगद उचललं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. “वजन अगदी किंचित उतरलंय. ह्यांचं असंच असतं आई, महिनोन् महिने तोंड लावत नाहीत आणि ठणठणीत राहतात. माझ्याकडेही करायचं.” बाईंनी श्वास सोडला, तोवर ती पुढे म्हणाली, “फक्त असं उघड्यावर ठेवलं आणि कुणी टक लावून बसलं, की भूक असली तरी खात नाहीत.”

ती सापाबद्दलच बोलत होती. आवाजात टोमणा शोधूनही सापडेना. टोमणा असता तर बाईंनी परतवला असता. आता त्यांना फक्त पेटीसमोर ओढलेली खुर्ची दिसत होती. तीच खुर्ची, टेबलाची तीच बाजू. पेटी ठेवली होती तिथे सुनेचं ताट असायचं.

“तुझंही तेव्हा...” बाई म्हणाल्या.

सून पेटीची काच पुसत राहिली. “कुंडी कुठे ठेवलीत?” तिनं हळूच विचारलं.

बाईंनी मागच्या अंगणातून कुंडी आणली आणि गरज नसताना दोनदा धुतली. दोघींनी मिळून पेटी पुन्हा कोपऱ्यात नेली. गाठोडं कुंडीखाली सरपटलं आणि दिसेनासं झालं. बाईंनी खुर्ची उचलून भिंतीला लावली.

सुनेनं पिशवी खांद्याला अडकवली. “निघते मी. बाहेरच खाऊन घेईन काहीतरी.”

“असं कसं!” बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. दारापर्यंत त्या तिच्या मागेमागे गेल्या, तिच्या चपलांकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“आज जेवून जा. तुझं तू वाढून घे. मी मागच्या खोलीत बसते.”