ब्राझीलवरची पिंक

"ओ सर! ब्राझील कुठं गेला? अख्खा देश गायब हाय इथं!"

प्राचार्य जिन्यातून असे बोंबलत होते, की तिकडं नायगावात बैलं बुजली असतील. मी धावलो. इतिहास विभागाबाहेरच्या भिंतीवर मी स्वतः रंगवलेला जगाचा नकाशा होता. त्यात पोर्तुगीजांची गलबतं, त्यांच्या वाटा, आणि कुठून काय आपल्याकडं आलं त्याची चित्रं: मिरची, बटाटा, पेरू, तंबाखू. बरोबर ब्राझीलवर कुणीतरी तंबाखूची पिंक मारली होती. पिंक कसली, पूर! ओघळ थेट दक्षिण ध्रुवापर्यंत गेलेला, त्यात सुपारीची खांडं अडकलेली. वास असा, की भिंतीवरची पालसुद्धा जिल्हा सोडून गेली.

अकराला तपासणी समिती येणार होती. पोरं कमी, म्हणून आमचा विभाग ठेवायचा की बंद करायचा, ते ती ठरवणार. आणि दाखवायला या नकाशाखेरीज आमच्याकडं होती फक्त कुबट कपाटं.

नाकाला रुमाल बांधून मी फिनेलनं भिंत घासली. पिंक निघाली, सोबत ब्राझीलही निघाला. शी! आपल्या लोकांना कोपरा दिसला की तोंडाला पाणी सुटतं. देवाची फरशी लावा, देवाला वळसा घालून थुंकतील. चारशे वर्षांत साता समुद्रापलीकडून एवढं काय काय आलं, पण मन लावून शिकलो आपण एवढंच.

समिती आली. अध्यक्षांनी पांढऱ्या डागावर बोट ठेवलं.

"इथं काय होतं?"

"ब्राझील, सर. दुरुस्तीला काढलाय."

त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं, वहीत एक ओळ खरडली आणि गेले. महिन्याभरात विभाग बंद झाला.

कपाटं हलवायला आमचे शिपाई मामा आले, एक गाल नेहमीसारखा टम्म. नकाशा रंगवताना तीन आठवडे शिडी यांनीच धरली होती. मी वरून एकेका वस्तूची कथा सांगायचो, ते खालून "हाव, हाव" करायचे. त्या गालाकडं बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मामा, तुम्ही? सगळा जिना सोडून ब्राझीलवरच?"

मामांनी बार या गालातून त्या गालात सरकवला.

"तंबाखू तिकडून आली म्हणून तुम्हीच सांगितलं ना, सर. वापस केली."