जिथं थाळी टेकत नाही

"पुढं घ्या, इथं थाळी बसत नाही," साहेब गाडीतूनच म्हणाले आणि मशीन आमच्या फाट्यावरचे सगळे खड्डे ओलांडून निघायला लागली.

ठेकेदाराकडं माझं काम लाल झेंडी धरून वाहनं थांबवायचं. रस्ता न खोदता तपासायची ही मशीन गाडीच्या मागं जोडलेली असते. रस्त्यावर गोल थाळी टेकते, तिच्यावर वजन आदळतं आणि रस्ता किती दबला ते सेन्सर टिपतात. त्यावरून ठरतं, वरून नुसता डांबराचा थर द्यायचा की रस्ता उकरून नवा करायचा. पण थाळी सपाट जागीच टेकते. म्हणून पालमपासून चांगली जागा बघूनच रीडिंग चाललं होतं.

आमच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता पार बसला होता. त्यामुळं एसटी गावात येईना. माझी लेक गंगाखेडला नववीत. माझी शाळा चौथीतच सुटली. तिची या खड्ड्यांनी सुटायची वेळ आली होती.

मी साहेब लोकांशी बोलत नाही. त्या दिवशी डोकंच फिरलं.

"साहेब, खराब तर हितंच हाय. अन् हितलंच सोडायलाव?"

"तुटलेल्या जागेची पाहणी वेगळी असते, बाई."

"मग करा की!"

"नंतर येईल कुणीतरी. बाजूला व्हा."

मी झेंडी घेऊन गाडीच्या पुढ्यात उभी राहिले. हलले नाही. मागं ट्रॅक्टर तुंबले.

"ओ अक्का, उभ्या उभ्या झोप लागली का?" एक ड्रायव्हर ओरडला.

"खड्डे सोडून चाललेत हे! कागदावर रस्ता चांगला व्हायलाय आपला!"

त्यानं ट्रॅक्टरच बंद केला. "चांगला? साहेब, परवा माझी ट्रॉली हितंच पालथी झाली. बसा आता, ऊस खा. आमाला न्हाई घाई."

साहेब उतरले. तोंड वाकडं करत टेपनं खड्डे मोजले, फोटो काढले, सगळा पट्टा खराब म्हणून लिहिला.

पुढं तेवढा तुकडा उकरला. खालची काळी माती काढून मुरूम-खडी भरली. एसटी सुरू झाली.

मला मात्र ठेकेदारानं गाडी अडवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं होतं. म्हणाला, "तुमी लय बोलता." मला! घरातसुद्धा जिचा आवाज ऐकू येत नाही, तिला!

राग अजून गेला नाही. चांगल्या जागी थाळी आपोआप टेकते. वाईट जागी माणसाला आडवं उभं राहावं लागतं, आणि ते कुणी कामात धरत नाही.