केसरीनाथच्या डब्यातला कोळसा

शेलार गावच्या केसरीनाथचं देवाशी कधी जमलं नाही. देव नाहीच, हे तो मारुतीच्या पारावर बसून, मारुतीकडे पाठ करून छातीठोकपणे सांगायचा. भुतांची गोष्ट वेगळी. भुतं होती. गावाबाहेरच्या चिंचेवर तर होतीच होती.

"देव कुनी बघितलाय?" तो विचारायचा.

"आन भूत तुमी बघितलंय?" बायको रंगूबाई विचारायची.

"माज्या आज्यानं बघितलंय."

आजा खोटं बोलणारा नव्हता, म्हणजे वाद मिटला. रंगूबाईचं नेमकं उलटं. सोमवार, चतुर्थी, काही सोडायची नाही. पण भुताचं नाव काढलं की तोंडाला पदर लावून हसायची. "देव हाय, तर भूत कुठलं येतंय?" दोघांचा संसार सुखाचा झाला, कारण भांडायला विषय कधी कमी पडला नाही.

केसरीनाथ भिवंडीत कापडाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करायचा. शिफ्ट संध्याकाळची, वाट चिंचेखालून, आणि डब्यात बहुतेक वेळा मासळी. तळलेल्या मासळीच्या वासाला भूत मागे लागतं, म्हणून सोबत कोळशाचा तुकडा ठेवायचा, ही जुनी रीत. कोळसा नसला तर हा गडी उंबरा ओलांडायचा नाही. कारखान्यातले कारागीर हसायचे, "केसरीभाई, टिफिन में कोयला? इंजन चलाना है क्या?"

"हसो, हसो. वो चिंच तुम्हारे रास्ते में नहीं है ना!"

पुढे घरात स्टोव्ह आला, चूल गेली, तरी डब्यातला कोळसा चुकला नाही. तो येतो कुठून, हे त्याने कधी विचारलं नाही.

एका वर्षी भातकापणीच्या दिवसांत रंगूबाईला कावीळ झाली आणि ती गेली. लोक समजूत घालायचे, "देवाच्या घरी गेली." ते घर तर यानं कधीच मोडून टाकलेलं. आता तिला ठेवायचं कुठे?

फळीवर एक पत्र्याचा डबा निघाला. कोळशाने भरलेला. "इस्त्रीवाल्याकडना मागून आनायची ती," शेजारच्या ठकुबाईने सांगितलं. भुतांवर काडीचा विश्वास नसलेल्या बाईने! केसरीनाथ तो डबा मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडला.

मग त्याच्या मनाने घेतलं. देव नसेल, पण इच्छा राहिलेलं माणूस वासाला येतंच. रंगूबाईचा जीव निवट्यांवर, खाडीच्या चिखलातल्या त्या मासळीवर. दुखण्यात पथ्य होतं. निवटे मागत मागतच गेली बिचारी. त्याने निवटे आणले, स्वतः तळले, निम्मे करपवले आणि दिवेलागणीला निघाला. आयुष्यात पहिल्यांदा, कोळशाशिवाय. चिंचेखाली पोचेपर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं. तरी बसला, डब्याचं झाकण काढलं आणि हळूच म्हणाला, "ये ना गो. करपलेत, पन ये."

आलं ते गावातलं कुत्रं. बराच वेळ वाट बघून त्याने निवटे त्यालाच घातले.

गुरं घेऊन परतणाऱ्या चिंधूने हे पाहिलं, म्हणजे गावाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी पारावर त्याने डिवचलंच, "काय केसरीदादा, आली का वैनी? न्हाय ना? मंग भुतं पन न्हाईत, म्हना की!"

पारावर हशा पिकला. केसरीनाथ चिडला नाही.

"भुतं हायेत," तो म्हणाला. "पन ती कशी येल? तिचा इश्वासच नव्हता."