नादारीआधीचे तीन महिने

"आवाज मोठाच हाय माहा. तुमचे कान लहान करा." समोर इंजिनीअर असो की शाळेचा चपराशी, तिचं उत्तर हेच. आणि बोलताना उजवा तळवा टेबलावर आपटायची. माझ्या घरच्या टेबलावरचा चहा तिनं असा कितीदा सांडला असेल!

पांढुर्ण्यात आमच्यापासून दोन घरं सोडून ती राहायची. नवरा गवंडी होता. तो गेल्यावर तिनं त्याचीच माणसं हाताशी धरली आणि छोटे सरकारी ठेके घेऊ लागली. नाल्या, रस्त्याखालच्या मोऱ्या, शाळेच्या भिंती. बौद्ध वस्तीतली एक बाई ठेकेदार झाली, हे पुष्कळांना पचलं नाही. सिमेंटवाले शेठ तेवढे "या बाई, बसा बाई" करत उधार देत. बिलं वेळेवर निघत होती तोवरचं हे कौतुक.

मोहगावच्या रस्त्यावरची मोरी तिनं बांधली आणि सगळं फिरलं. शेवटचं बिल पास करायला इंजिनीअरनं आपला हिस्सा मागितला. ही त्याच्या ऑफिसात भर दुपारी ओरडली, "मोरी चोरून बांधली का मी, का चोरून पैसे देऊ?" बाहेर बसलेल्यांनी ऐकलं, हसले, आणि बिल अडकलं ते अडकलंच. तुम्ही म्हणाल, जरा नमतं घेतलं असतं तर? मलाही कोणी कोणी असंच म्हणाले. पण लाच मागणाऱ्याला नमतं घ्यायला सांगणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही, याची चीड येते.

वर्षभरात शेठचं "बसा बाई" बंद झालं. बांधकामाच्या फळ्या-बल्ल्या भाड्यानं देणारा पैशासाठी दारात येऊ लागला. मजुरांचीही मजुरी थकली होती. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही, तेव्हा ती मला घेऊन सौंसरच्या एका वकिलाकडे गेली. वकील सरळ माणूस होता.

त्याच आठवड्यात आयकर खात्याचा परतावा हाती आला होता. सरकारी बिलातून कर आधीच कापून घेत. उत्पन्न तेवढं नसलं तर अर्ज करून तो परत मागावा लागे. दोन-तीन वर्षांचा तो कर एकदम परत आला होता.

"आत्ता अर्ज केला तर हा पैसा कोर्टाच्या रिसीव्हरकडे जाईल," वकील म्हणाले. "तो सगळ्या घेणेकऱ्यांत वाटेल."

"मजुरायले पहिले भेटन ना?"

"भेटेल. पण पहिला हक्क माणशी वीस रुपयांपुरताच. बाकीच्या मजुरीसाठी ते शेठच्याच रांगेत."

तळवा टेबलावर पडला. "वीस रुपये? कोन्या जमान्याचा भाव हाय हा?"

"कायदा इंग्रजांच्या काळचा आहे, बाई."

"इंग्रज गेले म्हनून सांगा त्याहिले."

वकिलांनी हसू दाबलं. मग समजावून सांगितलं, की तिनं आज मजुरांना पैसे दिले आणि तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर कोर्ट ते देणं रद्द करून पैसे परत मागू शकतं. म्हणून द्यायचे तर उघड द्या, पावती घ्या आणि तीन महिने थांबा.

"पण तोवर तुम्हाला कोणाचं संरक्षण नाही. शेठ तुम्हाला जगू देणार नाहीत."

"आता का जगून राहिली मी?"

परतीच्या बसमध्ये मी हळूच म्हणालो, "थोडे स्वतःसाठी ठेव ना बाजूला. कोणाला कळणार आहे?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघू लागलो. "गुरुजी, शाळेत पोरायले हेच शिकवून राहिले का तुम्ही?"

बाजाराच्या दिवशी तिनं अंगणात सगळ्यांना बोलावून मजुरी दिली. शेवंता नावाची मजूरबाई पैसे परत करू लागली. "तुमच्यापाशी राहू द्या, बाई." तर ही तिच्यावरच ओरडली, "कामाचे हायत. भीक नोको समजू!"

ही बातमी संध्याकाळपर्यंत शेठच्या दुकानात पोचली. त्यानंतरचे तीन महिने आम्ही सगळ्यांनी पाहिले. पाहिले, एवढंच. शेठची माणसं सकाळीच दारासमोर येऊन बसत, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं तिच्या जातीवरून बोलत. दुकानदारांनी मीठसुद्धा उधार दिलं नाही. एकदा शेठचा मुनीम घरात शिरला आणि त्यानं पाण्यानं भरलेल्या गुंडाला, म्हणजे पितळी हंड्याला, हात घातला. स्वयंपाकाच्या भांड्यांना कोर्टाचा माणूससुद्धा हात लावू शकत नाही, हे वकिलांनी तिला सांगून ठेवलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "भरेल गुंड कसा नेसान?" आणि सगळं पाणी मुनिमाच्या पायांवर ओतलं. त्या दिवशी गल्ली हसली. पण रात्री तिच्या घरातून रडणं ऐकू आलं, तेव्हा आम्ही दिवे मालवून पडून राहिलो.

मुदत संपल्यावर तिनं छिंदवाड्याला अर्ज केला. शेठच्या वकिलानं आरोप केला, परतावा लपवला. तिनं कोर्टातही आवाज खाली घेतला नाही. "लपवला नाई, साहेब. ज्याहिनं दगड उचलले त्याहिले देल्ला, दिवसाढवळ्या." पावत्या होत्या, मुदत उलटली होती. मजुरांचा पैसा मजुरांकडेच राहिला. तिला नादार ठरवलं, आणि तिची सिमेंट कालवायची मशीन, सायकल, सगळं गेलं.

पुढं तिला ठेका कोण देणार? दुसऱ्याच्या कामावर ती घमेली वाहू लागली. शेठच्या नव्या गोदामाच्या भिंतीसाठीही तिनं माल कालवला. शेठ खुर्ची टाकून बसत आणि ओळख दाखवत नसत.

इंजिनीअरची बदली झाली आणि मोरीचं बिल एकदाचं पास झालं. पैसा रिसीव्हरकडे गेला. शेठची पै न् पै फिटली. बाईच्या वाट्याला काही उरलं नाही. त्याच उन्हाळ्यात ती कामावर कोसळली, ती उठली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिला श्रद्धांजली वाहायला तिच्या अंगणात आम्ही सगळे जमलो. शेठही आले, पांढरे कपडे घालून. दोन शब्द बोलायला उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "बाई मोठी इमानदार होती."

मजूरबायांमधून शेवंता उठली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"शेठ, हे ती जित्ती असताना बोलाचं होतं. घरात मीठ तरी आलं असतं."

शेठ उभेच राहिले. कोणीही त्यांना "बसा" म्हटलं नाही.